निंदा, टीका आणि श्रद्धा

रोममधील पॅलेटाइन टेकडीवर १८५७ सालीं एका जुन्या भिंतीवर ओरखडलेलें चित्र उजेडांत आलें. क्रुसावर टांगलेल्या मनुष्याला गाढवाचें डोकें आहे, समोर एक जण हात उंचावून उभा आहे, आणि खालीं ‘अलेक्झामेनोस आपल्या देवाला भजतो’ अशा अर्थाची ग्रीक ओळ आहे. हें चित्र इ. स. २०० च्या सुमाराचें मानतात. म्हणजे क्रुसावरील ख्रिस्ताच्या अगदीं जुन्या उपलब्ध चित्रांपैकीं एक हें विडंबनच होय! शेजारच्या दालनांत पुढें ‘अलेक्झामेनोस विश्वासू’ एवढेच शब्द सांपडले. अनेकांनीं तेंच त्याचें उत्तर मानिलें आहे. त्याच सुमारास टर्टुलियन या ख्रिस्ती ग्रंथकारानें अशाच एका गर्दभरूपी चित्राविषयीं लिहितांना, आपणांस त्याचें हसूं आलें, असें नमूद केलें.

आतां याच्याशेजारीं २२ ऑक्टोबर १९८८ ची रात्र ठेवून पहावी. त्या रात्रीं पॅरिसच्या सँ-मिशेल चित्रपटगृहास ख्रिस्ती म्हणविणाऱ्या माथेफिरूंनीं आग लाविली व तेरा जण जखमी झाले. निमित्त होतें मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ ख्राइस्ट’ या चित्रपटाचें. कझान्तझाकिस यांच्या कादंबरीवरून केलेल्या या चित्रपटांत क्रुसावरील येशूला संसारसुखाचें स्वप्न पडतें. पण शेवटीं तें झुगारून तो पुन्हा क्रुसाकडेच येतो. विरोधकांनीं स्वप्न तेवढें पाहिलें, परत येणें पाहिलें नाहीं.

वास्तविक ख्रिस्त पूर्ण देव व पूर्ण मनुष्य आहे, हा सिद्धान्त खुद्द ख्रिस्तमंडळीनेंच ४५१ सालीं खाल्सेदोनच्या परिषदेंत मांडला. तो आपल्यासारखाच मोहांत पडताळला गेला, तरी निष्पाप राहिला, असें इब्री लोकांस लिहिलेलें पत्र सांगतें. मग त्या मोहाचें स्वरूप काय असेल, हा प्रश्न विचारणारा कलावंत भिंतीवरील टवाळखोराच्या पंक्तीला कसा बसवावा? निंदा व जिज्ञासा यांतील भेद ओळखणें हें श्रद्धावंताचें पहिलें कर्तव्य होय.

याचा अर्थ कृति निर्दोष आहे असा नव्हे. या चित्रपटांतील येशू इतका गोंधळलेला आहे कीं, कोळ्यांनीं जाळीं टाकून त्याच्यामागें कां जावें, हें प्रेक्षकाला उमगत नाहीं. हा दोष मोठा आहे. आणि तो दाखवून देण्यास शुभवर्तमानें मनापासून वाचलेला वाचकच खरा अधिकारी आहे. दुखावलेल्यानें बोलावें, लिहावें, शांतपणें निषेध करावा, न रुचे तें पाहूं नये. हे सर्व त्याचे हक्कच आहेत. परंतु आगीनें एकाही आक्षेपाचें खंडन झालें नाहीं. उलट ज्याच्या सन्मानासाठीं ती लाविली, त्याच्याच नांवाला काळिमा लागला.

गेथशेमाने बागेंत पेत्रानें उपसलेली तरवार येशूनें म्यानांत घालावयास लाविली. ती तर त्याच्या प्राणरक्षणार्थ उपसलेली होती. मग चित्रपटाविरुद्ध उपसलेलीस तो कोणता न्याय लावील?