सृष्टीचे दुःख आणि 'लाउदातो सी'

पोप फ्रान्सिस ह्यांच्या 'लाउदातो सी' ह्या २०१५ सालच्या परिपत्रकाची चर्चा बहुधा धोरणांच्या अंगाने होते. आम्हांस ते दुःखाविषयीचे लेखन म्हणून अधिक मोलाचे वाटते. त्याच्या २४६ परिच्छेदांपैकी १९ वा परिच्छेद ह्या दृष्टीने कळीचा आहे. केवळ माहिती मिळवून जिज्ञासा शमविणे हा हेतू नसून, जगावर ओढवलेले संकट स्वतःची वेदना म्हणून अनुभवावे आणि त्यातून आपला वाटा ओळखावा, असे तेथे सुचविले आहे. तापमानवाढीच्या बातम्यांनी मन बेचैन होणे हा दुबळेपणा नव्हे, असा दिलासा त्यातून मिळतो.

तथापि एक उणीव जाणवते. वेदनेपासून कर्तव्यापर्यंतची वाट येथे फार झपाट्याने संपते. ७२ व्या परिच्छेदात स्तुतीची स्तोत्रे आली आहेत. विलापाच्या स्तोत्रांना मात्र तसे स्थान लाभलेले नाही. मे २०२१ मध्ये तापलेल्या अरबी समुद्रावर बळावलेल्या तौक्ते वादळात ज्या वसईकराची केळीची बाग आडवी झाली, त्याला उपदेशाआधी रडण्यास अवकाश हवा असतो. २०२३ चे 'लाउदाते देउम' हे बोधपत्र अधिक परखड आहे. पण त्याचा रोख मुख्यतः राज्यकर्त्यांकडे आहे, शोकाकुलांकडे नव्हे.

असे असले तरी, पृथ्वीची चिंता वाहताना आशेचा आनंद गमावू नये, गात चालावे, हे २४४ व्या परिच्छेदातील आवाहन आम्हांस सच्चे वाटते. कुटुंबात हे परिपत्रक वाचताना विलापाचे एखादे स्तोत्रही सोबत वाचावे. मग ते गाणे उसने वाटणार नाही.