टंक्यावरील खलिफा

दिल्लीच्या सुलतानांची चांदीची नाणी पाहून आपल्याकडील रसिक बहुधा निराश होतो. ना राजाचे मुख, ना देवतेची मूर्ती; दोन्ही बाजूंस केवळ अरबी अक्षरे. परंतु ही नाणी नुसती पाहण्याची नव्हेत, वाचण्याची आहेत. आणि वाङ्मयास लावतो तीच कसोटी त्यांस लावणे आम्हांस उचित वाटते.

इल्तुतमिशाने (१२११–१२३६) सुमारे ११ ग्रॅम वजनाचा, म्हणजे तोळ्याहून किंचित हलका, चांदीचा टंका रूढ केला. १२२९ मध्ये बगदादच्या अब्बासी खलिफाकडून त्यास मानाची वस्त्रे आली. टंक्यावर एका बाजूस सुलतानाचे व दुसऱ्या बाजूस खलिफाचे नाव येऊ लागले. पुढे १२५८ मध्ये हुलागूने बगदाद घेऊन खलिफा मुस्तासिम यास ठार केले. तरीही बल्बनाच्या (१२६६–१२८७) टंक्यावर मुस्तासिमच आहे. आणि जलालुद्दीन खिलजीच्या टंक्यावरही तोच, म्हणजे मृत्यूनंतर तीस वर्षांहून अधिक काळ!

यास कोणी अज्ञान म्हणेल. ते ग्राह्य नाही. दिल्लीत १२६० मध्ये पूर्ण झालेल्या ‘तबकात-ए-नासिरी’त मिनहाजने बगदादचा पाडाव नोंदविला आहे. कोणी टांकसाळीची जडता म्हणेल. परंतु प्रत्येक नव्या सुलतानाबरोबर एका बाजूचा मजकूर बदलत होता. तेव्हा दुसरी बाजू तशीच राखणे हे आम्ही बुद्धिपुरस्सरच मानतो. बल्बन स्वतः एके काळी विकत घेतलेला गुलाम. अशा राज्यकर्त्यास आपल्याहून थोर अशा कोणाचा तरी आधार हवा होता, मग तो हयात असो वा नसो.

देवगिरीच्या लुटीच्या बळावर १२९६ मध्ये गादी बळकावणाऱ्या अलाउद्दीनाने ते नाव काढले. स्वतःस ‘दुसरा सिकंदर’ म्हणविले, पण ‘खिलाफतीचा उजवा हात’ हे बिरुदही घेतले. व्यक्ती गेली, पद राहिले. त्याचा पुत्र मुबारक (१३१६–१३२०) तर नाण्यावर स्वतःच खलिफा झाला. येथे मजकुराचा तोल गेला, असे आमचे मत आहे. अधिकार देणारा व घेणारा एकच झाल्यावर नाण्याच्या दोन बाजूंना अर्थ उरत नाही.

घरापासून दूर राहून, राष्ट्रपतींच्या नावाने निघणाऱ्या आदेशांवर नित्य सही करणाऱ्या आमच्या वाचकांस बल्बनाची गरज उमजावी. संग्रहालयाच्या कपाटात नाण्याची बहुधा एकच बाजू वर असते. दुसरीही दाखविण्याची विनंती अवश्य करावी.