साका बसला म्हणजे मूलद्रव्य मिळाले का?

नाटे गावाच्या उत्तरेला पूर्णगड-गावखडीच्या किनाऱ्यावर काळी वाळू आहे. ‘ही वाळू आम्लात विरघळवून ऑक्झॅलिक आम्ल घातले की विरल मृत्तिका मूलद्रव्ये साक्याच्या रूपात मिळतील’, असे सोपे स्पष्टीकरण विद्यार्थ्यांना दिले जाते. त्यात दोन चुका आहेत.

पहिली चूक कच्च्या मालाची. कोकणातली काळी वाळू बेसॉल्टच्या झिजेतून आली. तिच्यात मुख्यतः इल्मेनाइट व मॅग्नेटाइट, म्हणजे लोह आणि टायटॅनियम. विरल मृत्तिका देणारे मोनाझाइट ग्रॅनाइटसारख्या खडकांतले. ते केरळ, तमिळनाडू व ओडिशाच्या किनाऱ्यांवर मिळते.

दुसरी चूक अधिक गंभीर आहे. मोनाझाइट फॉस्फेट असल्याने ते आधी तीव्र, गरम कॉस्टिक सोड्याने फोडावे लागते. मग हायड्रोक्लोरिक आम्ल. किरणोत्सारी थोरियम वेगळे काढावे लागते, म्हणून हा शाळेतला प्रयोग नव्हे. एवढे झाल्यावर ऑक्झॅलिक आम्लाने पांढरा साका बसतो खरा, आणि लोह द्रावणात राहते. पण साक्यात सगळे कुटुंब एकत्रच उतरते! बहुतेकांचा भार +3, आयनांचे आकारही जवळजवळ सारखे. फक्त सिरियमचे +4 पर्यंत ऑक्सिडीकरण करून ते आधी खाली बसवता येते. बाकीच्यांचे काय? शुद्ध थुलियमसाठी चार्ल्स जेम्स यांनी 1911 मध्ये सुमारे 15,000 वेळा स्फटिकीकरण केले. आज हे काम द्रावक निष्कर्षणाने होते.

म्हणून वर्गात अवक्षेपण शिकवताना एक प्रश्न जरूर विचारावा : साक्याबरोबर आणखी कोण खाली आले?