अंगावर काढलेले दुखणे : रजोनिवृत्तीची कथने आणि उपचाराची भाषा

१

रजोनिवृत्ती हा विषय आधुनिक साहित्याला आणि स्त्रीवादी विचाराला अपरिचित नाही. सिमोन द बोव्हार यांनी 'द सेकंड सेक्स' (१९४९) या ग्रंथात प्रौढत्वाकडून वार्धक्याकडे जाणाऱ्या स्त्रीचा स्वतंत्र विचार केला. टोमास मान यांनी १९५३ मध्ये याच विषयावर 'दी बेट्रोगेने' ही दीर्घकथा प्रसिद्ध केली. जर्मेन ग्रिअर यांचे 'द चेंज' १९९१ मध्ये आले. तेव्हा हा विषय साहित्यात आला की नाही, यापेक्षा तो कोणत्या रूपात आला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

ही कथने सामान्यतः दोन साच्यांत बसतात. एक साचा ऱ्हासाचा आणि दुसरा मुक्तीचा. या दोन्ही साच्यांतून एक साधा, रोजचा अनुभव निसटतो. योनिमार्ग कोरडा पडणे, आग किंवा खाज होणे, शरीरसंबंधाच्या वेळी दुखणे, लघवीला जळजळ होणे आणि या त्रासासाठी डॉक्टरांकडे जाणे, हा तो अनुभव होय.

या त्रासाचे कारण गूढ नाही. इस्ट्रोजेन कमी झाल्यावर योनिमार्गाचे अस्तर पातळ होते, तेथील रक्तपुरवठा व ओलावा घटतो, आम्लता कमी होते आणि जंतुसंसर्ग सहज होऊ लागतो. अंगातून गरम वाफा येण्याचा त्रास बहुधा काही वर्षांत ओसरतो. हा त्रास मात्र उपचारावाचून सहसा जात नाही, पुष्कळदा वाढतो. त्यावरचे उपाय साधे आहेत : ओलावा टिकवणारी व स्निग्धता देणारी जेल, तसेच अल्प मात्रेतील इस्ट्रोजेनचे स्थानिक मलम किंवा योनिमार्गात ठेवण्याची गोळी. स्तनाचा कर्करोग होऊन गेलेल्या स्त्रीच्या बाबतीत तज्ज्ञाचा सल्ला आवश्यक ठरतो. उपाय हाताशी असूनही स्त्रिया ते मागत नाहीत, याचा काही वाटा कथनाच्या परंपरेकडे आणि भाषेकडे जातो. म्हणूनच हा समीक्षेचाही विषय आहे.

२

मान यांच्या कथेची नायिका रोझाली फॉन ट्युम्लर ही १९२०च्या दशकातील ड्यूसेलडॉर्फ शहरात राहणारी पन्नास वर्षांची विधवा आहे. मुलाला इंग्रजी शिकवण्यासाठी येणाऱ्या केन कीटन या चोवीस वर्षांच्या अमेरिकन तरुणावर तिचे मन जडते. पाळी थांबल्यामुळे आपण पूर्ण स्त्री उरलो नाही, ही खंत तिने चित्रकार असलेल्या आपल्या मुलीपाशी, आनाजवळ, आधीच बोलून दाखवलेली असते. प्रेमाच्या भरात तिला पुन्हा रक्तस्राव होतो आणि निसर्गाने आपल्याला तारुण्य परत दिले, असे ती मानते. तो रक्तस्राव कर्करोगाचा असतो. शस्त्रक्रियेसाठी पोट उघडल्यावर काही करता येण्याजोगे उरलेले नाही, हे डॉक्टरांच्या लक्षात येते.

या कथेचे वाचन प्रायः निसर्ग आणि वंचना, प्रेम आणि मृत्यू या द्वंद्वांच्या अंगाने होते. शीर्षकाचा अर्थच 'फसवली गेलेली' असा असल्याने ते स्वाभाविकही आहे. येथे एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे. रोझाली अबोल नाही. ती मुलीशी आपल्या देहाविषयी बोलते, आणि तेही त्या काळाच्या मानाने मोकळेपणाने. पण तिची भाषा ऋतूंची, फुलांची, निसर्गाच्या कृपेची आहे. देहात घडलेल्या बदलाचा ती अर्थ लावते. त्याविषयी चौकशी करत नाही. लक्षण तिच्या हाती येताच त्याचे प्रतीक होते. पाळी थांबल्यानंतर पुन्हा दिसणारा रक्तस्राव तातडीने तपासून घ्यावा, हा आज वैद्यकातील प्राथमिक नियम आहे. त्या प्रकाशात पाहिल्यास या कथेची शोकांतिका वाचनाचीही शोकांतिका ठरते. सुसान सोंटॅग यांनी 'इलनेस अ‍ॅज मेटाफर'मध्ये (१९७८) आजाराला रूपकापासून सोडवण्याचा आग्रह धरला होता. रोझालीचा अंत त्या आग्रहामागील निकड दाखवतो. तिच्या रक्तस्रावात केवळ प्रतीक शोधणारी समीक्षा नकळत तिचीच चूक पुन्हा करते.

३

अलंकृता श्रीवास्तव यांच्या 'लिपस्टिक अंडर माय बुरखा' या हिंदी चित्रपटातील उषा ही रोझालीची भारतीय भगिनी म्हणता येईल. भोपाळमधील ही पंचावन्न वर्षांची विधवा तरुण पोहण्याच्या शिक्षकाकडे ओढली जाते. तिची इच्छा उघड होताच घरचेच लोक तिची चारचौघांत मानहानी करतात. २०१७ च्या आरंभी प्रमाणन मंडळाने या चित्रपटाला प्रमाणपत्र नाकारले. त्याच वर्षी अपिलानंतर तो प्रदर्शित झाला. दोन्ही कृती प्रौढ स्त्रीची इच्छा मान्य करतात, हे त्यांचे मोल कमी नाही. मात्र इच्छेची परिणती एकीकडे मृत्यूत आणि दुसरीकडे अपमानात होते. इच्छा असलेल्या देहाला दुखतेही, आणि ते दुखणे बरे करता येते, ही शक्यता दोन्ही कथानकांच्या कक्षेबाहेर राहते.

ग्रिअर यांची भूमिका याच्या उलट आहे. हार्मोनच्या जोरावर स्त्रीला चिरतरुण ठेवण्याचे आश्वासन रॉबर्ट विल्सन यांनी 'फेमिनिन फॉरएव्हर'मध्ये (१९६६) दिले होते. औषधाच्या अशा बाजाराला ग्रिअर यांनी ठाम विरोध केला आणि पुरुषी नजरेतून सुटण्यात स्वातंत्र्य पाहिले. तो विरोध योग्यच होता. परंतु उपचार घेणे म्हणजे तारुण्याच्या मागे धावणे, असे समीकरण एकदा रुजले की बसता-उठता होणारी आग शमवण्यासाठी मलम मागणारी स्त्रीही संशयास्पद ठरते. ऱ्हासाच्या कथनात तिचे दुखणे अटळ असते आणि मुक्तीच्या कथनात ते क्षुल्लक ठरते.

४

या दोन साच्यांना शब्दांचाही आधार आहे. 'मेनोपॉज' हा शब्द फ्रेंच वैद्य गार्दान यांच्या १८२१ च्या ग्रंथामुळे रूढ झाला. त्यात थांबण्यावर भर आहे. जपानीतील 'कोनेन्की' या शब्दात नूतनीकरणाची छटा आहे. या काळाचा अनुभव आणि त्याची लक्षणेही सर्वत्र सारखी नसतात, हे मार्गारेट लॉक यांनी जपान व उत्तर अमेरिकेच्या तुलनेतून (१९९३) दाखवले. वैद्यकाची पाठ्यपुस्तके या अवस्थेचे वर्णन बिघडलेल्या यंत्रणेसारखे करतात, याकडे एमिली मार्टिन यांनी १९८७ मध्ये लक्ष वेधले होते. २०१४ मध्ये तज्ज्ञसंस्थांनी 'अ‍ॅट्रोफी' म्हणजे शोष ही संज्ञा बदलून जनन व मूत्रमार्गाच्या लक्षणसमूहाचे नाव स्वीकारले. जुन्या संज्ञेत मूत्रमार्गाच्या तक्रारी येत नव्हत्या, हे त्याचे एक कारण होते. 'योनी' हा शब्द सार्वजनिक चर्चेत सहज स्वीकारला जात नाही, हेही एक कारण देण्यात आले. संकोच दूर करण्यासाठी निवडलेल्या नावातच संकोच शिल्लक राहिला.

औषधासोबतचे माहितीपत्रक हीदेखील एक संहिताच आहे. २००२ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीचा, तोंडावाटे घ्यायच्या संयुक्त हार्मोनचा भाग धोक्यांमुळे थांबवण्यात आला. त्यानंतर रक्तात फारच कमी शोषल्या जाणाऱ्या स्थानिक मलमांवरही तोच चौकटीतील इशारा छापला जाऊ लागला. तो काढण्याची प्रक्रिया तेथील नियामक संस्थेने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केली. दोन दशके त्या चौकटीने अनेकींना उपायापासून दूर ठेवले.

मराठीतील 'रजोनिवृत्ती' हा शब्द तर निवृत्तिमार्गाची आणि सेवानिवृत्तीची आठवण एकदमच करून देतो. निवृत्त झालेल्याने काही मागू नये, हा संकेत त्यात दडलेला आहे. बोलीतील 'पाळी गेली' हा प्रयोग अधिक मोकळा असला, तरी पाळी गेल्यानंतर देहाला काय होते, ते सांगण्यासाठी 'खाली आग होते' यापलीकडे बहुतेकींकडे शब्द नसतात. 'दुखणे अंगावर काढणे' हा वाक्प्रचार मात्र सर्वांना ठाऊक असतो, आणि त्यात सोशिकतेचे कौतुकही मिसळलेले असते.

५

येथे मराठीतील एका दुर्लक्षित वाङ्मयप्रकाराचा विचार उपयुक्त ठरेल. र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' (१९२७-१९५३) या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिली जात. अशा उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यायालयात त्यांची बाजू मांडली. प्रश्नोत्तराच्या या रूपात नायिका नसते, उत्कर्षबिंदू नसतो, मृत्यूही नसतो. असतो तो केवळ एक त्रास, तो सांगण्याचे धाडस आणि मिळालेले उत्तर. कादंबरीला आणि चित्रपटाला जे साधले नाही, त्याची जागा या प्रकाराने मराठीत फार पूर्वी तयार करून ठेवली होती.

तौलनिक अभ्यासाने या प्रकाराकडे केवळ समाजसुधारणेचे साधन म्हणून पाहू नये. दुखणे सांगणे आणि त्यावर उपाय मागणे ही एक कथनकृती आहे, आणि तिचे संकेत भाषेगणिक बदलतात. ज्या भाषेत सोसण्याला वाक्प्रचार आहे आणि विचारण्याला नाही, त्या भाषेतील स्त्री दवाखान्याच्या दारातून परत फिरण्याची शक्यता अधिक असते.