शिफारशीचं जेवण

साताऱ्यापासून सांगलीपर्यंतचा रस्ता सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. एवढ्या अंतरात ‘एक नंबर’ मटण मिळणारी ठिकाणं किती असावीत? गणिताच्या नियमाप्रमाणे एक. मी कॉमर्सचा पदवीधर असल्यामुळे एवढं गणित मला येतं. पण आमच्या शाखेतल्या सात माणसांना विचारून मी यादी केली, तेव्हा ती नऊ निघाली. दोघांनी प्रत्येकी दोन ‘एक नंबर’ सांगितली होती. आठवं ठिकाण ‘जगात भारी’ होतं. ते सांगणारे गृहस्थ आजवर मिरजेच्या पलीकडे गेलेले नाहीत.

‘तिकडं चाललाय ना? मग अमुक ठिकाणी जेवल्याशिवाय येऊ नका’ हा आपल्याकडचा फार मोठा मौखिक वाङ्मयप्रकार आहे. त्याचा कर्ता अनामिक असतो आणि श्रोता उपाशी असतो. विद्वान समीक्षक कवितेत अडकून पडल्यामुळे त्याची समीक्षा अजून व्हायची आहे. म्हणून ते काम एका बँक क्लार्कला करावं लागतंय.

या वाङ्मयाचा पहिला दोष म्हणजे त्यात विशेषणं भरपूर आणि माहिती शून्य. ‘नाद खुळा’, ‘झणझणीत’, ‘बोटं चाटत राहाल’. अहो, पण भाकरी तव्यावरची गरम येते की सकाळी करून फडक्यात गुंडाळलेली? रस्सा दुसऱ्यांदा मागितला की तोच येतो की पाणी घालून? ते कुणी सांगत नाही. आमच्या भागात घरोघरी उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला होतो. मिरची, सुकं खोबरं, तीळ, भाजलेला कांदा, लसूण. ही यादी सगळ्यांची साधारण सारखीच, पण दोन जावांचा मसाला कधी सारखा होत नाही. रश्श्याची सगळी गंमत त्या मसाल्यात आहे. तेव्हा नुसतं ‘झणझणीत’ म्हणणं म्हणजे कर्जाच्या अर्जावर ‘माणूस चांगला आहे’ एवढंच लिहून साहेबांपुढे ठेवण्यासारखं आहे.

दुसरा दोष तारखेचा. शिफारस करणारा कधी जेवला होता ते सांगत नाही. मी खोदून विचारलं, तर एक जण म्हणाला, “आमच्या थोरल्याच्या मुंजीच्या आधी.” थोरला आता स्वतः मुंजीचे पैसे जमवतोय. बँकेत प्रॉमिसरी नोटसुद्धा तीन वर्षांनी कालबाह्य होते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यात तशी तरतूदच आहे. खानावळीच्या शिफारशीला मात्र मुदत नाही. आपल्याकडे तर ती जास्तच हवी, कारण खानावळ ही चार भिंतींची नसते, एका हाताची असते. मावशी थकल्या, सून चुलीपुढे आली, की पाटी तीच राहते आणि शिफारस बुडीत खाती जमा होते.

माझा भाचा अमेरिकेत डॅलसला असतो. तो फोनवर तिथल्या स्टेकहाउसांच्या शिफारशी करतो. “मामा, इकडं आलात की तुम्हाला घेऊनच जातो.” स्टेक हा नक्की कशाचा तुकडा असतो हे आमच्या अक्काच्या कानावर जाऊ नये म्हणून तिच्यासमोर तो ‘ग्रिल्ड’ एवढंच म्हणतो. पण त्याच्याकडून मला एक गोष्ट समजली. तिथं मांसाला ‘प्राइम’, ‘चॉइस’ अशी प्रत सरकारी खातंच लावून देतं. मांस मुद्दाम काही आठवडे थंडीत मुरवतात. आणि किती भाजायचं ते गिऱ्हाइकाला विचारतात. म्हणजे निम्मी शिफारस कागदावर असते. आपल्याकडे सगळा व्यवहार तोंडी. बोकड सकाळचं, मटण दुपारचं आणि संपलं की दार बंद. आमच्या मावशींना एकदा सांगून बघा, ‘माझं जरा कमी शिजवा.’ उत्तर मिळेल, जेवण मिळणार नाही.

या धंद्यातली जगप्रसिद्ध शिफारस कुणाची, तर मिशेलिन या फ्रेंच टायर कंपनीची. तिनं १९०० साली मोटारवाल्यांसाठी एक पुस्तिका काढली. हेतू सरळ होता. लोक लांब लांब जेवायला गेले की टायर झिजतात. १९२६ पासून ती चांगल्या हॉटेलांना तारे देऊ लागली. आता टायरवाल्याला रश्श्यातलं काय कळतं, असं कुणीही म्हणेल. पण त्यांनी पुढे एक नियम घालून घेतला, तो मला बँकेतल्या कुठल्याही सर्क्युलरपेक्षा शहाणपणाचा वाटतो. त्यांचा तपासनीस नाव न सांगता जातो आणि स्वतःचं बिल भरतो. आपल्याकडचे दोन मोठे शिफारसदार या नियमात पहिल्याच फेरीला बाद होतील. एक, गाडीचा ड्रायव्हर, कारण काही ठिकाणी त्याचं ताट आपल्या ताटांच्या हिशेबात बसवलेलं असतं. दोन, ज्याला ‘साहेब, तुमच्याकडून काय घ्यायचे’ म्हणून मालकानं हात जोडले तो पाहुणा. फुकटचं मटण चिवट निघाल्याचं मी अजून ऐकलेलं नाही.

फोनवरच्या ताऱ्यांचं म्हणाल, तर तिथं पाच तारे देणाऱ्यानं खाली लिहिलेलं असतं, ‘पार्किंग उत्तम.’

मग खरा समीक्षक कोण? माझ्या मते, महिन्याचे पैसे आगाऊ भरलेला मेंबर. बदली होऊन सांगलीला गेलो तेव्हा कुटुंब साताऱ्यालाच होतं आणि मी दीड वर्ष एका खानावळीचा मेंबर होतो. दोन वेळचं जेवण, रविवारी दुपारी फीस्ट, रविवारी रात्री सुट्टी, आणि आधी सांगितलं तरच खाडा धरणार. प्रवासी एकदा जेवतो, तोही भुकेल्या पोटी. भुकेला माणूस आणि नवा जावई यांच्या मताला किंमत देऊ नये. मेंबर महिन्याला पन्नास-पंचावन्न वेळा जेवतो. डाळीला पाणी कुठल्या तारखेपासून वाढतं हे त्याला कॅलेंडर न बघता कळतं. आमच्या टेबलावर एक औषध कंपनीचा प्रतिनिधी, एक कॉलेजचा पोरगा आणि एक निवृत्त कारकून असत. त्यांच्या तोंडून ‘एक नंबर’ हा शब्द मी कधी ऐकला नाही. “आज आमटी बरी आहे” हा त्यांचा सर्वोच्च पुरस्कार. तो मिळाला की मावशी आतून न मागता आणखी एक भाकरी पाठवायच्या.

पुढं त्या खानावळीची कुणीतरी शिफारस केली. मग त्याची कुणीतरी केली. रविवारी दारात पुण्याच्या गाड्या लागायला लागल्या. पाटी मोठी झाली, आत ‘फॅमिली रूम’ आली आणि एक तारखेला आम्हाला सांगण्यात आलं की यापुढं महिन्याचे मेंबर घेणार नाही. मावशींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. चार ताटांचे पैसे रोख देणारा दिसल्यावर महिन्याच्या हिशेबाची वही कोण सांभाळेल? पण निवृत्त कारकुनांना गावात दुसरं कुणी नव्हतं. शिफारस करणाऱ्यानं ‘लय भारी’ म्हणून ढेकर दिला असेल, त्याच्या हिशेबात ते ताट कुठंच नव्हतं. शिफारशीवर माझा खरा आक्षेप आहे तो हा. ती ज्याला सोय आहे त्याची आणखी सोय करते आणि ज्याला जायला दुसरी जागा नाही त्याचं पान उचलते.

तेव्हा तुम्हाला शिफारस करायचीच हौस असेल, तर साताऱ्याच्या कंदी पेढ्याची करा, सांगलीच्या भडंगाची करा. या दोन वस्तू पिशवीत बसतात. खवा खरपूस भाजल्यामुळे पेढा टिकतो, भडंग डब्यात कुरकुरीत राहतं. घरी आणल्यावर शेजारचे, बिल्डिंगमधले, ऑफिसातले असे वीस जण चाखून निकाल देतात, त्यामुळे शिफारस खोटी करून चालत नाही. मटणाच्या ताटाला साक्षीदार एकच, सांगणाऱ्याचं पोट, आणि तेही फितूर झालेलं.

आणि कुणी तुम्हाला शिफारस केलीच, तर कर्जदाराला विचारतो तसे पाच प्रश्न विचारा. कधी जेवलात? कुठल्या वारी? (बुधवार, शुक्रवार, रविवार सोडून मटणाबद्दल बोलणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.) किती वेळा? बिल कुणी दिलं? तिथं महिन्याचे मेंबर जेवतात का? उत्तरं देताना तो चिडला, तर घरचा डबा बरोबर घ्या. उत्तरं देता देता त्याच्याच तोंडाला पाणी सुटलं आणि तो “चला, मीपण येतो” म्हणाला, तर मात्र डोळे मिटून जा. फक्त बिल कुणी द्यायचं तेवढं रस्त्यातच ठरवून घ्या.