मोजमाप कशाचे – चालकाचे की रस्त्याचे?

विजेवर चालणारी व्हीलचेअर एखाद्याला सुरक्षितपणे चालवता येते का, हे उपचारतज्ज्ञ मुख्यतः पाहूनच ठरवतात. आता खुर्चीवर संवेदक बसवून जॉयस्टिकची हालचाल, वेग, हिसके आणि अडथळ्यापासूनचे अंतर नोंदवता येते. डोळ्यांतून निसटणारे बारकावे त्यात सापडतात, हे आम्हाला मान्य आहे. आमचा आक्षेप आकड्यांचा अर्थ लावण्यावर आहे.

इगतपुरीचेच उदाहरण घेऊ. कसाऱ्याहून वर येताना रेल्वेमार्ग ३७ फुटांमागे १ फूट चढतो. तेवढ्यासाठी गाड्यांना जादा इंजिने लावावी लागतात. व्हीलचेअरच्या रॅम्पला मात्र १२ फुटांमागे १ फूट चढ चालतो, म्हणजे तिप्पट! अशा रॅम्पवर खुर्ची स्थिर उभी असली, तरी त्वरणमापक सुमारे ०.८ मीटर प्रति सेकंद वर्ग इतके त्वरण दाखवतो. तो गुरुत्वाकर्षणाचा परिणाम असतो. १२० सेंमी लांबीच्या फळीचे एक टोक १० सेंमी उचलून, तीवर मोबाइल ठेवून वर्गात हे पडताळता येईल.

ही चूक गणिताने सुधारता येते. पण पावसात निसरड्या उतारावर, समोर मूल आले म्हणून वारंवार थांबणारा चालक नोंदीत ‘अडखळणारा’ ठरतो, त्याचे काय? अशा नोंदीवरून खुर्ची नाकारली गेली, तर एखाद्याची शाळाच सुटेल. म्हणून आकड्यांशेजारी रस्त्याची हकिगत लिहिलेली असावी आणि चालकालाही विचारावे, ‘का थांबलास?’