ओबीवाली रेकॉर्ड

निपाणीला माझ्या भावाच्या घरी माडीवर काचेचं कपाट आहे. भाच्याने त्यात रेकॉर्डी उभ्या लावल्यात, प्रत्येकीला प्लास्टिकची पिशवी. बीटल्स, लेड झेपलिन, डीप पर्पल. वादक इंग्रज, पण छपाई जपानची, १९७० च्या आसपासची. कव्हराच्या डाव्या कडेला कागदाची एक उभी पट्टी असते, तिला ओबी म्हणतात. मला आधी ओवीच ऐकू आलं! ओबी म्हणजे किमोनोवर बांधायचा कंबरपट्टा. गिऱ्हाइकाला जपानी अक्षरांत नाव आणि किंमत कळावी, एवढंच त्या कागदाचं काम. घरी नेल्यावर कित्येकांनी तो फाडून टाकला, म्हणून आता तो शाबूत असला की रेकॉर्डचा भाव चढतो. नव्या लुगड्यावरची चिठ्ठी जपून ठेवावी आणि लुगडं नेसूच नये, तसलं हे.

"आत्ती, हात नको लावू, डाग पडतो," भाचा म्हणाला.

न ऐकता नावं ठेवणं बरं नव्हे, म्हणून मी हट्टाने एक लावायला सांगितली. डीप पर्पलने ऑगस्ट १९७२ मध्ये ओसाका आणि टोकियोत केलेल्या कार्यक्रमांची ती रेकॉर्ड. हे ध्वनिमुद्रण जपानी कंपनीच्याच आग्रहावरून झालेलं, आणि बँडच्या मनात ते तेवढ्या देशापुरतंच होतं. पुढे ते जगभर गाजलं. खरं सांगते, पिन टेकली तेव्हा मला वाटलं यंत्र बिघडलं. खरखर नाहीच. मग टाळ्या आल्या, मग ऑर्गन. ती शांतता खरी आहे. चांगलं, स्वच्छ प्लास्टिक आणि छपाईतली काळजी यांचं ते फळ आहे, आणि त्याचं कौतुक करायलाच हवं. गाण्याविषयी माझं मत विचाराल तर ढोल लांबला.

पण संग्राहक एक गोष्ट हळूच बोलतात. लंडन-अमेरिकेत मुद्रित झालेल्या बहुतेक रेकॉर्डींसाठी जपानला मूळ टेप जात नसे, तिची नक्कल जाई. म्हणजे शांतता उत्तम, पण आवाज मुळापासून एक पायरी लांबचा. मग मोल कशाचं? आवाजाचं म्हणावं तर इंग्लंडची पहिली छपाई पुष्कळदा सरस ठरते. राहिली ती पट्टी.

गंमत अशी, की बीटल्सच्या काही गाण्यांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या आपल्याकडे निघाल्या होत्या, चावीच्या फोनोवर चालणाऱ्या. इंग्लंडमध्ये तो प्रकार तेव्हा संपला होता. आज परदेशातले संग्राहक त्या भारतीय तबकड्यांमागे धावतात आणि निपाणीचा पोरगा जपानीमागे. दुसऱ्याच्या अंगणातलं झाड नेहमीच जास्त फळतं.

बेळगावला माझ्याकडे सासूबाईंची पत्र्याची पेटी आहे, तिच्यात अशाच जुन्या तबकड्या आहेत. त्यांतली एक गांधारी हनगल यांची. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या तबकड्यांवर हेच नाव छापलेलं असे. आवाज बारीक, उंच, कोवळा. पुढे घशाच्या दुखण्यानंतर तो भारदस्त झाला आणि आपण ओळखतो त्या गंगूबाई घडल्या. तो पहिला आवाज आता तबकडीतच उरलाय. तरी प्रत्येक वेळी लोखंडी पिन खाच थोडी खरवडतेच, म्हणून सासूबाई दर बाजूला पिन बदलायच्या.

आणि ती तबकडी लाखेची. लाख, दगडाची पूड, काजळी. लाख म्हणजे किड्याचं घर. ते खरवडताना जीव किती जातात ते मोजवत नाही. श्रावकाने टाळायच्या पंधरा धंद्यांत लाक्षावाणिज्य आहे ते उगीच नाही. (तंबाखूवर मोठ्या झालेल्या निपाणीत बसून हे बोलायला धाडस लागतं, ठाऊक आहे.) सासूबाईंना हे माहीत होतं का? विचारायचं राहिलं. भाच्याच्या प्लास्टिकमध्ये निदान किडा नाही; त्या बाबतीत त्याचा छंद माझ्या पेटीपेक्षा निर्मळ. पण तत्त्वार्थसूत्रात परिग्रह वस्तूत नाही सांगितला, तिच्याविषयीच्या मूर्च्छेत सांगितलाय. न वाजवता, नुसती पट्टी शाबूत आहे म्हणून रात्री कपाट उघडून बघणं, याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व लहानपणी तबकड्या ऐकून मोठ्या गवयांची गाणी हुबेहूब म्हणायचे. कुणीतरी त्या झिजू दिल्या, म्हणून त्या पोराच्या कानावर पडल्या.

आता भाचा माझी पेटी मागतोय. "आत्ती, तू वाजवून वाजवून घालवशील. मी नीट ठेवतो." त्याचं चूक नाही. गांधारीचा तो आवाज झिजला तर माझ्या हातून झिजेल, आणि कपाटात गेला तर कुणाच्या कानावर पडणार नाही. चातुर्मासात परिग्रहाची मर्यादा लिहिताना मी भांडी मोजली, साड्या मोजल्या; पेटीपाशी आले आणि पेन थांबलं.

परवा त्याला म्हटलं, पेटी घेऊन जा, पण आधी माझ्यासमोर सगळ्या एकेकदा वाजव आणि तुझ्या त्या यंत्रावर उतरवून घे, बहिणींना पाठव. तो म्हणाला, जुन्या तबकडीला वेगळी सुई लागते, मागवावी लागेल. मागव म्हटलं. तोवर पेटी माझ्याकडे आहे. काल दुपारी पिन बदलली आणि गांधारीची एक बाजू लावली.